तरुण प्लॅनेटरी नेब्युला : अवरक्त प्रकाशात दिसणारी धूळ आणि झोत

मांडवीकर (वडोदरा)

हंस तारकासमूहात डेनेबच्या आग्नेयेला एनजीसी ७०२७ हा एक लहानसा पण चांगला तेजस्वी ठिपका आहे. आठ इंची दुर्बिणीला जास्त वर्धनाची आयपीस लावली की हिरवट, किंचित लांबट दिसतो, त्यापलीकडे काही हाती लागत नाही. एदुआर स्तेफान यांनी तो १८७८ मध्ये शोधला. अवरक्त प्रकाशात, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशात निरीक्षणं करणारे लोक गेली पन्नासहून जास्त वर्षं या ठिपक्याकडे परत परत येतात. ते का येतात, हे इथे सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. सूर्याच्या ०.८ ते ८ पट वस्तुमानाचा तारा म्हातारा झाला की फुगतो आणि बाहेरचे थर सोडू लागतो. हा वारा सावकाश असतो, सेकंदाला १०-२० किलोमीटर, पण शेवटी शेवटी त्यातून दहा हजार वर्षांत एका सूर्याएवढं द्रव्य जाऊ शकतं. दूर जाताना वायू थंड होतो आणि त्यात धूळ तयार होते. पुढे गाभा उघडा पडतो, तापत जातो. तो ३०,००० केल्विनच्या आसपास पोचला की त्याच्या अतिनील किरणांनी भोवतालचा वायू आयनित होऊन (अणूंतले इलेक्ट्रॉन सुटून) चमकू लागतो. हा झाला प्लॅनेटरी नेब्युला, पुढे मी त्याला नुसतं तेजोमेघ म्हणतो. ग्रहांशी त्याचा काही संबंध नाही. ही चमक दहा-वीस हजार वर्षं टिकते, मग द्रव्य विरळ होऊन जातं.

तरुण म्हणजे यातली पहिली काहीशे ते हजार-दोन हजार वर्षं. एनजीसी ७०२७ चा चमकणारा भाग सुमारे ६०० वर्षांचा मानतात. आणि अडचण नेमकी इथेच आहे. ज्या काळात तेजोमेघाचा आकार ठरतो, त्याच काळात तो स्वतःच्या धुळीत बुडालेला असतो.

अवरक्त प्रकाश इथे दोन वेगळ्या कारणांनी उपयोगी पडतो आणि ही दोन कारणं लोक एकमेकांत मिसळतात, म्हणून सुटी करून सांगतो. पहिलं कारण, तो धुळीतून पार होतो. समजा एखाद्या दिशेला धुळीने दृश्य प्रकाश १० प्रतींनी कमी केला (प्रत हे तेज मोजायचं माप, पाच प्रती म्हणजे शंभरपट फरक). म्हणजे दहा हजारातला एक भाग आपल्यापर्यंत आला. आंतरतारकीय धुळीचं नेहमीचं प्रमाण धरलं तर त्याच धुळीत २.२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा प्रकाश फक्त १.१ प्रतींनी कमी होतो, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त सुखरूप बाहेर येतो. दुसरं कारण, धूळ स्वतःच अवरक्तात प्रकाशते. ताऱ्याचा प्रकाश गिळून धूलिकण १००-२०० केल्विनपर्यंत तापतात आणि तेवढ्या तापमानाला त्यांचं उत्सर्जन १५ ते ३० मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जास्त असतं. म्हणजे २ मायक्रॉनला आपण धुळीच्या आरपार बघतो आणि २० मायक्रॉनला खुद्द धूळ बघतो. दोन्हीला ‘अवरक्त चित्र’च म्हणतात, पण दोन्हींत दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की तरुण तेजोमेघाचं चित्र समोर आलं की आधी त्याचा फिल्टर विचारावा. २.१२ मायक्रॉनच्या अरुंद फिल्टरमध्ये हायड्रोजनचे रेणू दिसतात. २.१७ ला आयनित हायड्रोजन, ज्याला ब्रॅकेट गॅमा रेषा म्हणतात. १.६४ ला आयनित लोह. ही तीन चित्रं शेजारी ठेवली की तारा आपलं द्रव्य कुठे, कसं, कुठल्या क्रमाने टाकत गेला हे वाचता येतं. एकच रंगीत चित्र पाहून ते वाचता येत नाही.

लोहाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. तेजोमेघातलं बहुतेक लोह धूलिकणांत अडकलेलं असतं, वायूत फार थोडं. वेगवान झोत संथ द्रव्यावर आदळला की धक्का बसतो, कण फुटतात आणि लोह मोकळं होऊन १.६४ मायक्रॉनला चमकतं. म्हणून ही रेषा दिसली की इथे काहीतरी वेगाने येऊन आदळलंय, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. हबलच्या कॅमेऱ्यातून घेतलेली एनजीसी ७०२७ आणि एनजीसी ६३०२ यांची चित्रं जून २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत ६३०२ मध्ये लोहाचा प्रकाश इंग्रजी ‘एस’ अक्षरासारख्या वळणात दिसतो. दृश्य प्रकाशात ज्या तेजोमेघाला सगळे फुलपाखरू म्हणून ओळखतात, त्याच्या पोटात हे वळण होतं.

प्रश्न विचारा, शंका काढा. ज्यांनी या विषयात काम केलंय त्यांनी भर घालावी.

———

विश्वामित्री (वडोदरा)

काका, फार छान. एक शंका आहे. अवरक्त डोळ्यांना दिसतच नाही, मग वेब अवकाश दुर्बिणीच्या चित्रांतले निळे-केशरी रंग आले कुठून? माझा भाऊ म्हणतो, ते सगळं संगणकावर रंगवलेलं असतं, त्याला अर्थ नाही.

———

मांडवीकर (वडोदरा)

विश्वामित्री, रंग माणसाने दिलेले आहेत हे भावाचं बरोबर आहे. अर्थ नाही हे मात्र बरोबर नाही. दुर्बिणीत प्रत्येक फिल्टरमधून एक काळं-पांढरं चित्र घेतलं जातं. त्यातला प्रत्येक बिंदू मोजमाप असतो, त्या जागेवरून त्या तरंगलांबीचा किती प्रकाश आला याचं. नंतर सर्वांत आखूड तरंगलांबीला निळा, मधलीला हिरवा, सर्वांत लांबीला लाल, असा क्रम बहुतेक वेळा पाळतात. आपल्या डोळ्यांचाही क्रम हाच आहे, फक्त पट्टा सरकलेला.

वेबने १२ जुलै २०२२ ला पहिली चित्रं दिली त्यात एनजीसी ३१३२ होता. तो फार तरुण नाही, पण उदाहरण उत्तम. त्याची दोन चित्रं दिली होती. तिच्या निअरकॅम या कॅमेऱ्याचं जवळच्या अवरक्तातलं आणि मिरी या उपकरणाचं मधल्या अवरक्तातलं. मधोमध दोन तारे आहेत, हे आधीपासून ठाऊक होतं. त्यांतला मंद तारा, ज्याने हा सगळा पसारा सोडला, तो मिरीच्या चित्रात धुळीने वेढलेला निघाला. एवढा तापलेला तारा मधल्या अवरक्तात उठून दिसायचं कारण नव्हतं. दिसली ती त्याच्या भोवतीची कोमट धूळ. पुढच्या विश्लेषणात तिथे चार किंवा पाच ताऱ्यांचा समूह असावा असा निष्कर्ष निघाला. हे रंगवण्यातून येत नाही, मोजण्यातून येतं. भावाला सांग की दोन्ही चित्रांतल्या मधल्या दोन ताऱ्यांची तेजस्विता स्वतः ताडून बघ.

———

सुमेधा_रावपुरा (वडोदरा)

वाचतेय. शाळेत नववीला शिकवताना सूर्याच्या शेवटाबद्दल दोन ओळी असतात, त्यापुढे मुलांना काय सांगावं हे कळत नव्हतं. सूर्याचंही असंच होणार ना?

———

मांडवीकर (वडोदरा)

हो सुमेधाताई, सुमारे पाच अब्ज वर्षांनी सूर्य फुगून थर सोडेल. त्याचा तेजोमेघ डोळ्यांत भरण्याइतका उजळ होईल का, यावर मतभेद आहेत. झोत मात्र बहुधा नसतील. सूर्याला जोडीदार तारा नाही. हा जोडीदाराचा मुद्दा खाली येईलच.

———

राजवाडा_ताई (इंदूर)

मांडवीकर काका, नमस्कार. मी प्रयोगशाळेत अवरक्त वर्णपट घेते, आकाशातले नाही, पदार्थांचे. तुम्ही धूळ ‘कुठे’ हे सांगितलंत, मी धूळ ‘कसली’ याबद्दल थोडं लिहिते.

धूलिकणांची ओळख त्यांच्या कंपनांवरून पटते. सिलिकेटमध्ये सिलिकॉन-ऑक्सिजन बंध ताणले जातात त्याचा पट्टा ९.७ मायक्रॉनला आणि वाकतात त्याचा १८ मायक्रॉनच्या जवळ. सिलिकॉन कार्बाइड ११.३ ला. काजळीसारख्या बहुचक्री सुगंधी हायड्रोकार्बनांचे पट्टे ३.३, ६.२, ७.७, ८.६ आणि ११.३ मायक्रॉनला. ताऱ्याच्या वाऱ्यात कार्बन जास्त की ऑक्सिजन, यावर सगळं ठरतं. कार्बन मोनॉक्साइड हा रेणू फार घट्ट. जो घटक कमी असेल तो सगळाच्या सगळा त्यात अडकतो आणि जो उरतो त्याची धूळ होते. ऑक्सिजन उरला तर सिलिकेट, कार्बन उरला तर काजळी आणि कार्बाइड.

म्हणूनच मला एनजीसी ६३०२ विलक्षण वाटतो. त्यात दोन्ही आहे. मधल्या कड्यात स्फटिकरूप सिलिकेट आणि बाहेर हायड्रोकार्बन. २०२५ मध्ये वेबच्या मिरीने तिथलं जे चित्र दिलं त्यात मध्यवर्ती ताऱ्याची जागा त्याच्या लगतच्या तापलेल्या धुळीवरून पकडता आली. ताऱ्याचं तापमान सुमारे २,२०,००० केल्विन. कड्यातले कण मायक्रॉनभर आकाराचे, म्हणजे अशा ठिकाणी अपेक्षित असतात त्यापेक्षा मोठे. कणांना तिथे वाढायला पुष्कळ वेळ मिळाला असणार. आणि स्फटिक बनायचं तर कण तापून हळूहळू निवायला हवेत. आमच्याकडे भट्टीत नमुना तापवून सावकाश थंड केला की रुंद, गुळगुळीत पट्टा फुटून टोकदार शिखरं दिसू लागतात. तीच शिखरं एवढ्या दूरच्या वस्तूच्या वर्णपटात दिसतात, तेव्हा तिथे काय घडलं असेल याचा अंदाज हातात येतो.

त्याच निरीक्षणांत लोह आणि निकेल यांच्या रेषांवरून ताऱ्याच्या दोन विरुद्ध बाजूंना जाणारे झोतही ओळखता आले. काकांचा लोहाचा मुद्दा तिथे पुन्हा खरा ठरतो.

आणखी एक भर. स्पिट्झर दुर्बिणीने टीसी १ या तरुण तेजोमेघात साठ कार्बन अणूंचे चेंडूसारखे रेणू, फुलरीन, ओळखले ते २०१० मध्ये. आणि तुमच्या लाडक्या ७०२७ मध्ये सोफिया या विमानातल्या दुर्बिणीला हीलियम हायड्राइडचा आयन सापडला, १४९ मायक्रॉनला, एप्रिल २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. विश्वात सगळ्यात आधी तयार झालेला रेणू हाच असं मानतात, प्रयोगशाळेत तो १९२५ पासून माहीत होता, आकाशात मात्र सापडत नव्हता.

———

विश्वामित्री (वडोदरा)

ताई, हे कार्बन-ऑक्सिजनचं गणित पहिल्यांदाच इतकं नीट कळलं.

———

पावागड (वडोदरा)

इंजिनिअरिंगला आहे, तिसऱ्या वर्षाला. काका, तारा गोल, त्याचा वारा सगळीकडे सारखा, मग द्रव्य दोनच दिशांना झोतासारखं का सुटतं? आणि किती वेगाने?

———

मांडवीकर (वडोदरा)

अरे पावागड, याच प्रश्नावर पस्तीस-चाळीस वर्षं वाद चाललाय. सावकाश लिहितो.

१९७८ मध्ये सन क्वॉक आणि सहकाऱ्यांनी एक साधी, सुंदर कल्पना मांडली. आधी सुटलेला वारा संथ. गाभा उघडा पडल्यावर सुटणारा वारा विरळ, पण सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटर वेगाचा. हा मागून येऊन पुढच्या द्रव्याला ढकलतो, त्याचं कवच बनतं. गोल किंवा लंबगोल तेजोमेघ यातून छान समजतात. विषुववृत्ताशी द्रव्य जास्त दाट असेल तर ध्रुवांकडे फुगवटे येतील, हेही यात बसवता येतं.

अडचण आली ती तरुण तेजोमेघांची स्पष्ट चित्रं आल्यावर. १९९८ मध्ये राघवेंद्र सहाय आणि जॉन ट्रॉगर यांनी हबलने पाहिलेल्या तरुण तेजोमेघांबद्दल लिहिलं. त्यांतले बहुतेक गोल नव्हतेच, कितीतरी अनेक पाकळ्यांचे होते, आणि समोरासमोरच्या पाकळ्या केंद्रातून आरपार एकमेकींना जुळत होत्या. नुसत्या विषुववृत्तीय दाट कड्याने एकच अक्ष मिळतो, दोन-तीन अक्ष मिळत नाहीत. म्हणून त्यांनी मांडलं की गाभ्याचा वेगवान वारा सुरू होण्याच्या आधीच, म्हातारपणाच्या अगदी शेवटी, वेगवान झोत सुटतात आणि त्या गोल कवचात बोगदे पाडतात. नंतर सगळं चमकू लागतं ते या आधीच कोरलेल्या आकारात.

आता यात अवरक्त कुठे येतं? झोत सुटतात तेव्हा वायू अजून आयनित झालेला नसतो. रेणूंचा थंड वायू आणि धूळ एवढंच असतं. दृश्य प्रकाशात धुळीवरून परावर्तित झालेला ताऱ्याचा प्रकाश दिसतो, बस. पण झोत आदळून तापलेला रेणुरूप हायड्रोजन २.१२ मायक्रॉनला चमकतो. हंसातच एग नेब्युला आहे, सीआरएल २६८८. १९७० च्या दशकातल्या रॉकेटवरून केलेल्या अवरक्त पाहणीतून तो पुढे आला. दृश्य चित्रात वर-खाली दोन शंकू आणि मधे काळा पट्टा. हबलच्या निकमॉस कॅमेऱ्याने २.१२ ला पाहिलं तर चार ठिकाणी हायड्रोजन उजळलेला. दोन ठिकाणं त्या शंकूंच्या अक्षावर, आणि दोन त्याला जवळपास काटकोनात, त्या काळ्या पट्ट्याच्या दिशेला. म्हणजे दृश्य चित्रात जिथे काहीच नव्हतं तिथेही काहीतरी वेगाने बाहेर पडलेलं होतं. हे एक चित्र पाहून माझी सारी समजूत बदलली.

वेग विचारलास. सीआरएल ६१८, सारथी तारकासमूहात, त्याच पाहणीतला. त्याच्या पाकळ्यांच्या टोकांचे वेग सेकंदाला २०० किलोमीटरच्या आसपास आहेत. म्हणजे वर्षाला पृथ्वी-सूर्य अंतराच्या ४२ पट. हबलने काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या चित्रांत ही टोकं पुढे सरकलेली दिसतात. उलटं मोजत गेलं तर झोत शे-दोनशे वर्षांपूर्वी सुटले असं निघतं. गायकवाडांच्या बडोद्याचा सगळा इतिहास तीनशे वर्षांचा, ते झोत त्याहून लहान. अर्थात प्रकाश इथे पोचायला लागलेला काळ वेगळा. आणि त्याच्या मधला आयनित गाभा गेल्या काही दशकांत रेडिओ दुर्बिणींना मोठा होताना दिसला आहे. खगोलशास्त्रात एका माणसाच्या आयुष्यात बदल दिसावा अशा जागा थोड्या, ही त्यांतली.

राहिला ‘का’. बुहाराबाल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा कोवळ्या तेजोमेघांच्या झोतांमधला संवेग (वस्तुमान गुणिले वेग) मोजला. ताऱ्याच्या प्रकाशाचा दाब जेवढा संवेग देऊ शकतो त्याच्या हजार पटीपर्यंत तो निघाला. म्हणजे प्रकाश ढकलतोय हे स्पष्टीकरण उरत नाही. आज बहुतेकांचा कल जोडीदार ताऱ्याकडे आहे. म्हाताऱ्या ताऱ्याचं द्रव्य जोडीदार ओढून घेतो, त्याच्या भोवती चकती बनते, आणि चकतीच्या अक्षावर दोन्ही बाजूंना झोत सुटतात. तेवढी ऊर्जा गुरुत्वाकर्षणातून मिळू शकते. चकती भोवऱ्यासारखी डोलत असेल तर झोतांची दिशा फिरत राहते. बागेला पाणी घालताना पाइप फिरवला की धार सरळ न राहता हवेत वळण घेते, तसंच वळण मागे राहतं. ६३०२ मधलं ‘एस’ मला त्या जातीचं वाटतं.

जोडीदाराचा सरळ पुरावा पाहिजे असेल तर फ्लेमिंग १ वाच. नरतुरंगात आहे. त्याच्यात असेच डोलणाऱ्या झोतांचे माग आहेत. २०१२ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवरून वर्णपट घेऊन दाखवण्यात आलं की मध्यभागी दोन श्वेतबटू, म्हणजे ताऱ्यांचे उरलेले उघडे गाभे, १.२ दिवसांत एकमेकांभोवती फिरताहेत.

———

नीलकंठ (ग्वाल्हेर)

मांडवीकर, धागा उत्तम, पण एका ठिकाणी मी थांबलो. तुम्ही झोतांच्या बाजूने जरा जास्तच झुकलाय. लांबट, सरळ, उजळ काही दिसलं की तो झोत, असं मानायची सवय लागते. एग नेब्युलाच्या दृश्य चित्रात मधून निघालेले चार उजळ किरणही दिसतात, ते बघा. ते द्रव्याचे झोत नाहीत, धुळीच्या कड्यातल्या फटींतून निसटलेला ताऱ्याचा प्रकाश आहे, पुढच्या धुळीवर पडलेला. फट बंद झाली तर किरण नाहीसा होईल. दुसरं म्हणजे, गोल आणि लंबगोल तेजोमेघही पुष्कळ आहेत. ते सगळे झोतांनी घडवलेत असं कसं म्हणणार? तिसरं, २.१२ मायक्रॉनची रेषा फक्त धक्क्याने उमटते असंही नाही. अतिनील प्रकाश पडूनही रेणू उत्तेजित होतात.

———

मांडवीकर (वडोदरा)

नीलकंठराव, तिन्ही मुद्दे रास्त आहेत आणि तिसरा फारच महत्त्वाचा. गोल तेजोमेघांबाबत मी आग्रह धरणार नाही. तिथे क्वॉक यांची कल्पना पुरते. माझा आग्रह बहुध्रुवी तरुण तेजोमेघांपुरता आहे.

प्रकाशाचा किरण आणि द्रव्याचा झोत वेगळे करता येतात. परावर्तित प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं मुख्यतः एकाच दिशेत असतात. एगमध्ये हे ध्रुवण खूप जास्त आहे, आणि ध्रुवणाच्या दिशांना लंब काढत गेलं तर मूळ प्रकाशस्रोत कुठे लपलाय ते सापडतं. धक्क्याने तापलेल्या वायूच्या रेषा अशा ध्रुवित नसतात. शिवाय डॉप्लर सरक. उजळलेला वायू खरंच दोन्ही बाजूंना पळत असेल तर एका बाजूची रेषा निळ्याकडे आणि दुसरीची तांबड्याकडे सरकते.

हायड्रोजनच्या रेषेबद्दल राजवाडाताईंनी लिहावं, त्यांचा प्रांत आहे.

———

राजवाडा_ताई (इंदूर)

काका, आनंदाने.

नीलकंठदादा, एका रेषेवरून ठरत नाही, पण दोन रेषांवरून ठरतं. रेणुरूप हायड्रोजनची २.१२२ मायक्रॉनची रेषा पहिल्या कंपन-पातळीवरून येते, आणि २.२४८ मायक्रॉनची दुसऱ्या पातळीवरून. धक्क्याने वायू दोनेक हजार केल्विनपर्यंत तापला असेल तर वरच्या पातळीवर फार थोडे रेणू पोचतात आणि पहिली रेषा दुसरीच्या सुमारे दहापट तेजस्वी असते. अतिनील प्रकाशाने विरळ वायू उत्तेजित झाला असेल तर रेणू कुठूनही वर फेकले जातात आणि हळूहळू खाली उतरतात; तेव्हा हे गुणोत्तर दोनच्या आसपास येतं. दोन्ही रेषा एकाच के पट्ट्यात (२.२ मायक्रॉनच्या आसपासच्या), एकमेकींच्या शेजारी, त्यामुळे धुळीने होणारी घट दोन्हींना जवळपास सारखीच. म्हणून हे गुणोत्तर इतकं भरवशाचं.

मात्र दाट वायूत अतिनील प्रकाश पडला तर टकरींमुळे तिथलंही गुणोत्तर वाढू शकतं, त्यामुळे चार-पाचसारखा मधला आकडा आला तर सावध राहावं लागतं. तिथे लोहाची रेषा आणि डॉप्लर सरक दोन्ही बघितल्याशिवाय कोणी ठाम बोलत नाही.

७०२७ मध्ये हायड्रोजनचा बराचसा उजेड अतिनील प्रकाशामुळे आहे. ताराच दोन लाख केल्विनचा आहे, त्यामुळे आश्चर्य नाही. पण त्याचं रेणूंचं कवच जिथे फोडल्यासारखं दिसतं, तिथल्या वेगांवरून झोतांनी पाडलेली भोकं असावीत असं २००० च्या सुमारास झालेल्या निरीक्षणांतून पुढे आलं. म्हणजे आकार झोतांनी कोरला, आणि आता उजळतोय तो ताऱ्याच्या प्रकाशाने. दोन्ही गोष्टी एकाच चित्रात.

———

नीलकंठ (ग्वाल्हेर)

ताई, पटलं. गुणोत्तराचा मुद्दा मला माहीत नव्हता. तरी जोडीदार तारा बहुतेक कोवळ्या तेजोमेघांत थेट दिसलेला नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

———

मांडवीकर (वडोदरा)

नोंद बरोबरच आहे. गाभा धुळीत पुरलेला आणि मूळ तारा अजून स्पंदन पावणारा, त्यामुळे जोडीदारामुळे होणारी सूक्ष्म हालचाल त्यात हरवते. तो सापडायला दीर्घ काळचे वर्णपट लागतील.

———

सुमेधा_रावपुरा (वडोदरा)

माझी शंका जमिनीवरची. अवरक्त प्रकाश हवेत शोषला जातो असं वाचलंय. मग आपल्याकडे अबूला अवरक्त वेधशाळा कशी? सहलीला गेलो तेव्हा गुरुशिखराच्या वाटेवर लांबून घुमट दिसला होता.

———

दांडियाबाजार (अहमदाबाद, मूळ वडोदरा)

सुमेधाताई, याचं उत्तर मी देतो, अहमदाबादला शिकत असताना या विषयाशी थोडा संबंध आला होता.

हवेतली पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अवरक्ताचे मोठे पट्टे गिळतात, पण मधे खिडक्या उरतात. १.२५, १.६५, २.२ मायक्रॉनच्या आसपासच्या तीन खिडक्या चांगल्या, ३.५ आणि ४.८ ची बरी, मग १० ची आणि २० ची. वाफ जितकी कमी तितकी खिडकी स्वच्छ, म्हणून उंच आणि कोरडी जागा पाहिजे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची १.२ मीटरची दुर्बीण गुरुशिखरावर १,६८० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तिथली हवा फार कोरडी असते. पावसाळ्यात शिखर ढगात असतं, निरीक्षणं बंद. लक्षात ठेवायची गोष्ट ही की २.१२, २.१७ आणि १.६४ मायक्रॉनच्या ज्या रेषांवर वरची सगळी चर्चा चाललीय, त्या तिन्ही या खिडक्यांतच येतात. अबूहून तेजोमेघांची अशी निरीक्षणं झालेली आहेत. आता तिथे २.५ मीटरची दुर्बीणही उभी आहे. त्याशिवाय लडाखमध्ये हानलेला ४,५०० मीटरवर २ मीटरची आणि नैनितालजवळ देवस्थळला ३.६ मीटरची, दोन्हींवर अवरक्त उपकरणं आहेत.

१० मायक्रॉनची गोष्ट निराळी. आपलं आकाश, घुमट, दुर्बिणीचा आरसा, सगळं ३०० केल्विनच्या जवळपास, आणि त्या तापमानाला उत्सर्जनाचं शिखर बरोबर १० मायक्रॉनच्या आसपास येतं. सगळं आकाशच त्या तरंगलांबीला उजळलेलं असतं, रात्र असो की दिवस. म्हणून दुय्यम आरसा सेकंदाला काही वेळा हलवून एकदा तेजोमेघ, एकदा शेजारचं रिकामं आकाश असं आलटून पालटून मोजतात आणि वजाबाकी करतात. वेब पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर स्वतःच्याच ऊन अडवणाऱ्या पडद्याच्या सावलीत ठेवलीय आणि तिचं मिरी उपकरण ७ केल्विनच्या खाली थंड केलंय ते याचसाठी.

———

सुमेधा_रावपुरा (वडोदरा)

धन्यवाद दादा. पुढच्या आठवड्यात मुलांना ही खिडक्यांची आकृती फळ्यावर काढून दाखवते.

———

पावागड (वडोदरा)

काका, शेवटचं विचारतो. माझ्याकडे सहा इंची न्यूटोनियन दुर्बीण आहे, मित्राचा जुना डीएसएलआर आहे. वाडीतल्या गच्चीवरून यातलं काही करता येईल का, की फक्त चित्रंच बघायची?

———

मांडवीकर (वडोदरा)

नक्की करता येईल. आधी घरबसल्याचं. टू-मास पाहणीची चित्रं सगळ्यांना खुली आहेत. १९९७ ते २००१ मध्ये १.३ मीटरच्या दोन दुर्बिणींनी सगळं आकाश १.२५, १.६५ आणि २.२ मायक्रॉनला टिपलं. वाइझ उपग्रहाची ३.४, ४.६, १२ आणि २२ मायक्रॉनचीही. अलादीन या मोफत कार्यक्रमात ७०२७ चं नाव टाक, दोन्ही पाहण्यांतली चित्रं एकावर एक ठेव, आणि आजूबाजूच्या ताऱ्यांच्या तुलनेत हा ठिपका लांब तरंगलांबीकडे किती झपाट्याने उजळतो ते बघ. २२ मायक्रॉनला शेजारचे तारे विझत जातात आणि हा भगभगतो. ती सगळी धूळ.

आता गच्ची. आपलं अक्षांश २२.३, त्यामुळे ७०२७ सर्वांत वर असताना उत्तरेला ७० अंशांवर असतो, म्हणजे शहराच्या उजेडाचा सर्वांत कमी त्रास. पावसाळा सरून हवा धुतलेली असते तो काळ, ऑक्टोबर-नोव्हेंबर, संध्याकाळी सातनंतर. नवरात्रात मैदानांवरच्या दिव्यांनी आकाश पांढरं होतं, ते दिवस सोड. उत्तरायणापर्यंत थांबू नकोस, तोवर तो पश्चिमेला उतरलेला असतो. ६३०२ आपल्याकडे ३०-३१ अंशांच्या वर येत नाही आणि जूननंतर ढग, म्हणून तो एप्रिल-मे मध्ये मध्यरात्रीनंतर बघावा, दक्षिणेकडचं क्षितिज मोकळं असेल तर.

कॅमेऱ्याचं. साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरसमोर अवरक्त अडवणारी काच असते, ती माहीतगाराकडून काढून घ्यावी लागेल. सिलिकॉनचा सेन्सर एक मायक्रॉनच्या जवळपासपर्यंतच बघतो, त्यामुळे हायड्रोजन रेणू, ब्रॅकेट, लोह यातलं काही मिळणार नाही. पण ०.९५३ मायक्रॉनला दोनदा आयनित गंधकाची रेषा आहे, प्लॅनेटरी नेब्युलांमध्ये ती खूप तेजस्वी असते, आणि ती मात्र पकडता येते. ८५० नॅनोमीटरच्या पुढचाच प्रकाश सोडणारा फिल्टर लाव. ७०२७ चं एक चित्र त्यातून, एक हिरव्या ऑक्सिजन-३ फिल्टरमधून घे. दोन्ही वेळा शेजारचा एखादा तारा चौकटीत ठेव, तेजाची तुलना त्याच्याशी करायची. धुळीमागे दडलेल्या बाजूला हिरव्या चित्रात उजेड कमी पडतो, गंधकाच्या चित्रात तितका पडत नाही. मात्र तेजोमेघ फक्त पंधराएक विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) मोठा आहे, त्यामुळे बार्लो भिंग लावून प्रतिमा मोठी करावी लागेल आणि लहान लहान उघडीपींची (एक्सपोजरची) पुष्कळ चित्रं एकत्र करावी लागतील. चित्रं आली की इथेच टाक, फिल्टरचं नाव आणि उघडीपीचा वेळ खाली लिहून. राजवाडाताई आणि मी मिळून मोजू.